कोगनोळीचा नाका आणि ड्रमलीचा रस्ता

आयर्लंड हे बेट दोन देशांत वाटलेलं आहे: बहुतेक भाग आयर्लंडचं प्रजासत्ताक आणि ईशान्येचा तुकडा, उत्तर आयर्लंड, युनायटेड किंगडमचा. तिथं क्लोन्सहून कॅव्हनला जाणारा रस्ता प्रजासत्ताकात सुरू होतो आणि प्रजासत्ताकातच संपतो. पण मधल्या थोड्याशा अंतरात तो चार वेळा युनायटेड किंगडमची हद्द ओलांडतो. रस्त्याचा नंबर एन 54 चा ए 3 होतो, परत एन 54, पुन्हा ए 3. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात आणि गाडीला वेग येईपर्यंत परत किलोमीटरवर येतात. कडेच्या पिवळ्या तुटक रेषेची पांढरी सलग रेषा झाली की समजायचं, आपण ब्रिटनच्या राजाच्या राज्यात आलो. याच रस्त्यालगत ड्रमली नावाचा मोनाहन काउंटीचा तुकडा आहे. तो प्रजासत्ताकाचा असला तरी गाडीनं तिथं जायला उत्तर आयर्लंडमधूनच वाट आहे. म्हणजे इथल्या पोलिसांना, ज्यांना गार्डा म्हणतात, स्वतःच्याच गावात पोहोचायला दुसऱ्या देशातून जावं लागतं.

बाबा मागच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "अगं, हे तर आपल्यापेक्षा वाईट आखलंय."

आपल्यापेक्षा म्हणजे बेळगावपेक्षा. आमच्या घरात सीमाप्रश्न वर्तमानपत्रातून आलेला नाही. आमचं गाव गडहिंग्लज आणि आईचं माहेर निपाणी. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला आणि आमच्या सोयरिकी दोन राज्यांत वाटल्या गेल्या. बाबा शाळामास्तर. तरुणपणी 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत लावून बेळगावच्या सायकल फेरीत जाणारे. निवृत्तीनंतर आता ते काम व्हॉट्सअ‍ॅपवर करतात. मी डब्लिनला राहते. या उन्हाळ्यात आई-बाबा आले, तेव्हा त्यांना नेहमीची प्रेक्षणीय स्थळं दाखवण्याऐवजी मी गाडी काढली आणि पूर्व समुद्रावरच्या कार्लिंगफर्डपासून वायव्येला डेरीपर्यंत, सीमेला शिवण घालावी तसे आम्ही या बाजूनं त्या बाजूला, त्या बाजूनं या बाजूला करत गेलो. मुक्काम मिळेल तिथं.

त्यामागे माझा थोडा कावाही होता. घरच्या ग्रुपवर गेली काही वर्षं आयर्लंडचं नाव दोन तऱ्हांनी येतं. एक तऱ्हा पुण्याच्या चुलतभावाची: युरोपनं सीमा पुसून टाकल्या आणि आपण अजून बसवर दगड मारतोय. दुसरी बाबांची: बघा, शंभर वर्षं झाली तरी आयरिश माणसानं दावा सोडला नाही. मला दोन्ही ऐकून कंटाळा आला होता. कारण दोन्हीही खोटं आहे, आणि ते सांगून नव्हे, दाखवूनच पटण्यासारखं आहे.

पहिलं खोटं आधी घेऊ. सीमा पुसलेली नाही. जवळपास 500 किलोमीटर लांबीची, दोनशेहून अधिक रस्त्यांवरून जाणारी ही रेषा पूर्ण जिवंत आहे. एका बाजूला युरो, दुसऱ्या बाजूला पौंड. एका बाजूला हिरव्या टपालपेट्या, दुसऱ्या बाजूला लाल. हिरव्यांपैकी जुन्या पेट्या नीट बघितल्या तर रंगाखाली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं उठून दिसतात. नव्या सरकारनं पेट्या उपटल्या नाहीत, रंग दिला. काटकसर म्हणा की शहाणपण.

कार्लिंगफर्डच्या खाडीपाशी आईला कोकणाची आठवण झाली. एका बाजूला कूलीचे डोंगर, दुसऱ्या बाजूला मोर्नचे, मधे निळंकरडं पाणी आणि त्यात कालवांची शेती. पाण्याचा अलीकडचा काठ आयर्लंडचा, पलीकडचा ब्रिटनचा. खाडी जिथं अरुंद होते, त्या नॅरो वॉटरला 27 ऑगस्ट 1979 रोजी दोन स्फोटांत 18 ब्रिटिश सैनिक मारले गेले. आज तिथंच दोन्ही काठ जोडणारा पूल बांधला जातोय आणि त्याचा मोठा खर्च डब्लिनचं सरकार उचलतंय. तिथून न्यूरी जवळच. 1972 च्या ऑगस्टमध्ये न्यूरीच्या जकात नाक्यावर बॉम्ब फुटून नऊ माणसं गेली. ब्रेक्झिटच्या वाटाघाटी चालू असताना 2018 साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी त्या घटनेची बातमी छापलेला जुना अंक युरोपीय नेत्यांपुढे ठेवला होता. सीमेवर पुन्हा नाके उभे राहिले तर काय होऊ शकतं, हे त्यांना सांगायचं होतं. ते पंतप्रधान म्हणजे लिओ वराडकर. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे.

"वराडचा मुलगा आणि सीमेचं भांडण," आई म्हणाली, "म्हणजे आपल्याकडूनच शिकून गेला असणार."

वराडकर जन्मले डब्लिनमध्ये. पण आईचा मुद्दा मी खोडला नाही.

दक्षिण आर्मामध्ये स्लीव्ह गलियनच्या माथ्याकडे चढताना बाबा सारखे विचारत होते, मनोरे कुठं होते? टेकड्यांवर ब्रिटिश लष्कराचे टेहळणीचे मनोरे होते. रस्ते इतके धोक्याचे, की सैनिकांची ने-आण हेलिकॉप्टरनं चाले. 1969 ला सुरू झालेली ती लष्करी मोहीम 2007 ला संपली, मनोरे उतरवले गेले. आता तिथं हेदरची झुडपं, मेंढ्या आणि वारा. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडमध्ये जावं, यावरून 1998 पर्यंत तीसेक वर्षं चाललेल्या हिंसाचाराला इथं 'ट्रबल्स' म्हणतात, आणि त्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. इंग्रजी बोलणाऱ्यांची अशा गोष्टींना सौम्य नावं देण्याची हातोटी वेगळीच.

लहान रस्ते लष्करानं स्फोट करून किंवा काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले होते. शेत एका बाजूला आणि गोठा दुसऱ्या बाजूला असलेले शेतकरी रविवारी ट्रॅक्टर, फावडी घेऊन जमायचे आणि खड्डे बुजवायचे. लष्कर परत उडवायचं, माणसं परत बुजवायची. कॅव्हन आणि फर्मानाच्या मधला अ‍ॅगलेनचा पूल 1972 साली उडवला गेला, नवा पूल झाला 1999 ला. मधल्या काळात शेजारच्या बेल्टर्बेटच्या बाजारपेठेचं गिऱ्हाईकच तुटलं. सत्तावीस वर्षांत गावाची एक पिढी दुसरीकडे खरेदी करायला शिकते, आणि पूल परत आला म्हणून ती सवय लगेच परत येत नाही. बाबा त्या पुलावर बराच वेळ उभे होते. वर्दळ बेताचीच, एक दुधाचा टँकर गेला, दोन गाड्या गेल्या. बघण्यासारखं खरं म्हणजे काहीच नाही.

निपाणी आणि कागलच्या मधे असं कधी झालं नाही, हे मी मुद्दाम म्हटलं. दूधगंगेवरचा पूल कुणी उडवला नाही. मामाच्या घरी जायला आपल्याला कधी परवानगी लागली नाही.

"कोगनोळी?" बाबांनी एवढंच म्हटलं.

बरोबर आहे. कोगनोळीचा टोलनाका. डिसेंबरात बेळगावला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं, की महाराष्ट्रातले नेते तिथं अडवले जातात. 2021 मध्ये करोना चाचणीचा अहवाल नसेल तर तिथूनच माघारी पाठवत होते. 2022 च्या डिसेंबरात बसवर दगड पडले. 2025 च्या फेब्रुवारीत बेळगाव जिल्ह्यात बसमधल्या वाहकाशी भाषेवरून वाद झाला, मारहाण झाली आणि दोन्हीकडची एसटी थांबली. कायद्यानं जी सीमा म्हणजे निव्वळ प्रशासकीय रेघ, ती वर्षातून काही दिवस अशी जाड होते. इकडं कायद्यानं जी आंतरराष्ट्रीय सीमा, ती ओलांडताना आम्हाला कुणी काच खाली घ्यायलासुद्धा सांगितलं नाही.

'आम्हाला' म्हणताना मात्र थोडं थांबलं पाहिजे. आई-बाबांच्या आयरिश पर्यटक व्हिसावर बीआयव्हीएस ही अक्षरं आहेत. ब्रिटन आणि आयर्लंडच्या सामाईक योजनेखाली भारतीय आणि चिनी पर्यटकांना एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. मी इथं राहते, नोकरी करते, कर भरते. माझ्या निवासाच्या कार्डावर ती सोय नाही. मला त्या न दिसणाऱ्या रेषेपलीकडं जायला ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढावा लागला. डोनेगलमधल्या लेटरकेनीत काम करणाऱ्या भारतीय नर्सना डब्लिनला येण्याचा सरळ रस्ता टिरोन काउंटीतून, म्हणजे ब्रिटनमधून जातो. बसही तिकडूनच. व्हिसा नसेल तर त्यांनी स्लायगोवरून वळसा घालायचा. नाका नसला तरी बस थांबवून अधूनमधून कागद बघितले जातात, आणि ते कुणाचे बघितले जातात हे वेगळं सांगायला नको. युरोपनं सीमा पुसल्या म्हणणाऱ्या माझ्या भावानं एकदा त्या बसनं जावं.

आता दुसरं खोटं, बाबांचं.

ब्रिटनशी झालेल्या 1921 च्या करारात आयर्लंडची सीमा नक्की करायला आयोग नेमायचं ठरलं. कलम 12 म्हणत होतं, की रहिवाशांच्या इच्छेप्रमाणे सीमा ठरवायची, पण आर्थिक आणि भौगोलिक परिस्थितीला धरून असेल तेवढीच. एनिस्किलनच्या वाटेवर हे सांगितलं तेव्हा बाबा सरळ होऊन बसले. आपलं सूत्र तेच: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. मग काय झालं, त्यांनी विचारलं. आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती फीथम यांनी अर्थकारण आणि भूगोलाला एवढं वजन दिलं, की इच्छेला जागाच उरली नाही. फर्माना, टिरोन, न्यूरी मिळतील म्हणून डब्लिन वाट बघत होतं. उलट पूर्व डोनेगलचा काही भागच जाणार, असं नोव्हेंबर 1925 मध्ये वर्तमानपत्रात फुटलं. गदारोळ झाला, डब्लिनचे प्रतिनिधी ओइन मॅकनील यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात आहे ती सीमा राहू द्या म्हणून लंडन, डब्लिन आणि उत्तरेतलं बेलफास्ट अशा तिन्ही सरकारांनी सह्या केल्या. अहवाल कुलपात गेला तो 1969 मध्ये छापून बाहेर आला.

आपलाही महाजन आयोग आपणच मागून घेतला होता. सेनापती बापटांनी त्यासाठी उपोषण केलं. 1966 मध्ये आयोग नेमला गेला, 1967 मध्ये अहवाल आला, त्यात बेळगाव शहर नाही म्हटल्यावर आपण तो नाकारला आणि तो जसाच्या तसा स्वीकारा म्हणून कर्नाटक अडून बसलं. आयोग नेमताना दोन्ही बाजूंना तो आपल्याच बाजूचा वाटतो. अहवाल हातात पडला की मग न्यायमूर्तींची नियत आठवते.

पुढं 1937 मध्ये आयर्लंडनं राज्यघटना केली आणि कलम 2 व 3 मध्ये अख्खं बेट आपलं असं लिहून ठेवलं. ते साठहून अधिक वर्षं तिथं होतं. तेवढ्या वर्षांत सीमा इंचभरही हलली नाही. बाबा ज्याला दावा न सोडणं म्हणतात, ते हे. आणि मग 1998 मध्ये त्यांनी तो बदलला. ट्रबल्स संपवणारा गुड फ्रायडे करार 10 एप्रिलला झाला, 22 मेला दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झालं. उत्तरेत 71 टक्के, दक्षिणेत 94 टक्के लोकांनी होकार दिला. प्रदेशावरचा हक्क गेला, त्या जागी लोकांची संमती असेल तर एकत्र येण्याची इच्छा आली. उत्तरेतल्या बहुसंख्यांना कधी वाटलं तर कौल घेता येईल, अशी तरतूद आली. आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे उत्तरेत जन्मलेल्या माणसाला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही असण्याचा हक्क मिळाला. खिशात दोन पासपोर्ट ठेवायची मुभा. सीमा कुठं असावी याचं उत्तर कुणीच दिलं नाही. सीमेवर राहणाऱ्यानं तोवर काय करायचं, याचं दिलं.

पटकन सांगायची म्हणून ही गोष्ट गोड लागते. एनिस्किलनला युद्धस्मारकाजवळ ती तशी लागत नाही. 8 नोव्हेंबर 1987 ला स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला जमलेल्या लोकांत बॉम्ब फुटला आणि 11 जण मेले. स्मारकावर नंतर 11 कबुतरं बसवली. आई नावं वाचत राहिली. बाबा म्हणाले, "एवढं रक्त सांडल्यावर शहाणपण आलं. आपल्याकडं तेवढं सांडलं नाही हे बरं की वाईट?" मी म्हटलं, बरंच. पण त्यांच्या प्रश्नात खोच होती. ज्या प्रश्नात रोज माणसं मरत नाहीत, त्याला दिल्लीत तारीख मिळत नाही. महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. आमच्या मामाच्या मुलाचं तेव्हा शाळेत नाव घातलं होतं. आता त्यालाच मूल आहे.

एनिस्किलनहून पुढचा भाग निव्वळ डोळ्यांसाठी. अर्न नदीची सरोवरं, त्यातली बेटं, डेव्हनिशचा उंच गोल मनोरा. कुल्का डोंगराच्या माथ्यावरूनच सीमा जाते: अर्धा फर्माना, अर्धा कॅव्हन. 665 मीटर उंच, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे पोरसवदा, पण दलदलीवरून टाकलेल्या लाकडी वाटेनं चढताना आईनं दोनदा मला विचारलं, की हे सुट्टीत करतात का लोक. पायथ्याच्या मार्बल आर्च गुहांचं भूउद्यान 2008 मध्ये सीमेपलीकडं कॅव्हनमध्ये वाढवलं आणि दोन देशांत पसरलेलं ते जगातलं पहिलं भूउद्यान झालं. आयर्लंडची सगळ्यांत लांब नदी शॅनन याच डोंगराच्या कॅव्हनकडच्या अंगाला एका लहानशा डोहातून उगवते. खाली बेलकू आणि ब्लॅकलायन ही दोन गावं एका पुलानं जोडलेली आहेत आणि त्यांच्यात अंतर असं नाहीच. एका गावात चहा पौंडात, दुसऱ्यात युरोत. आईनं दोन्हीकडे पिऊन हिशेब लावला आणि कुठलाही परवडत नाही असा निष्कर्ष काढला. पेटिगो तर एकच गाव, मधून टर्मन नदी जाते म्हणून निम्मं डोनेगलमध्ये आणि निम्मं फर्मानात.

क्लोन्सबद्दल एक राहिलं. सीमेला खेटलेल्या या प्रजासत्ताकातल्या गावात अल्स्टर प्रांताच्या गेलिक फुटबॉलचा अंतिम सामना होतो. प्रांतातल्या नऊ काउंट्या, त्यातल्या सहा ब्रिटनमध्ये, तीन इकडे. खेळाच्या संघटनेनं फाळणी कधी मानलीच नाही. कोल्हापूरच्या तालमीत बेळगावकडचे पैलवान येतात, त्यांना कोणी डोमिसाइल विचारत नाही, तसंच काहीसं.

डेरीत पोहोचेपर्यंत पावसानं गाठलं. शहराच्या नावाचं भांडण महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही. कागदोपत्री शहर लंडनडेरी, नगरपालिका डेरी, आणि रस्त्यावरच्या पाट्यांवरचं 'लंडन' रंग फासून खोडलेलं. बेळगावचं बेळगावी 1 नोव्हेंबर 2014 ला झालं, आपण संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर केलं. नाव बदलल्यानं कुणाचं पोट भरत नाही, हे म्हणणाऱ्यांतली मी नाही. नाव पोटाइतकंच लागतं. पण डेरीत मला दाखवायचं होतं ते नाव नव्हतं. तटबंदी बघून झाल्यावर मी त्यांना अल्टनागेल्विनच्या रुग्णालयाजवळून नेलं. तिथं कुणी पर्यटक जात नाही.

या रुग्णालयात 2016 मध्ये कर्करोग केंद्र सुरू झालं. शहर ब्रिटनमध्ये, पण खर्चाचा काही भाग डब्लिननं दिला, कारण डोनेगलच्या रुग्णाला रेडिएशनसाठी आठवड्यामागून आठवडे डब्लिन किंवा गॉलवेला जाणं शक्य नव्हतं. आता तो तासाभरात इथं येतो. उलट दिशेनं, बेलफास्टच्या लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया डब्लिनला होतात. डेरीच्या फॉइल खाडीवर नक्की कुणाची हद्द, हे दोन्ही देशांनी आजवर ठरवलेलं नाही. वाद तसाच ठेवून खाडीतली मासेमारी दोघांच्या सामाईक संस्थेकडे दिली आहे. ते सगळं सुरळीत आहे असंही नाही. हद्द ठरत नसल्यामुळे खाडीत विनापरवाना कालवांच्या मांडवांचं पीक आलं आहे आणि त्यावर कुणाचा इलाज चालत नाही. तरीही रुग्ण थांबलेला नाही आणि बोटीही थांबलेल्या नाहीत.

आता आपलं बघा. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना 865 सीमागावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकानं लगेच आक्षेप घेतला. एका राज्यानं दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या औषधपाण्याचा खर्च उचलायला निघावं आणि त्यानं भांडण वाढावं! बाबा म्हणाले, यात आपली चूक काय? पैसे आपले, माणसं आपली. मी म्हटलं, त्या योजनेत माया किती आणि दावा किती, हे खानापूरच्या माणसाला कळतं तसं बेंगळुरूलाही कळतं. डब्लिननं अल्टनागेल्विनला पैसे दिले ते लंडन आणि बेलफास्टशी आधी बोलून. चंदगडचे, कोकणातले रुग्ण बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं जातात. त्यांच्यासाठी कर्नाटकाशी करार करून, दोन्हीकडच्या गावांना दोन्हीकडच्या योजना चालतील असं मागितलं असतं, तर बेंगळुरूला नाही म्हणणं जड गेलं असतं. निदान नाही म्हटल्यावर कुणाचं पितळ उघडं पडलं ते दिसलं असतं.

बाबांनी मग ठेवणीतलं काढलं. "तू पातळ रेषेच्या गोष्टी सांगतेस. त्यांनी बेळगावात विधानसौध बांधला, 2012 ला. दगडात बांधला. त्यांना रेषा पातळ करायचीच नाही, तर तुझे करार कुणाशी?"

याला माझ्याकडं चोख उत्तर नाही. मराठी शाळांची, मराठी परिपत्रकांची बेळगावात जी गळचेपी झाली ती खरी आहे. 1986 चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन ज्यांच्या घरासमोरून गेलं, त्यांना डब्लिनहून समजूत सांगायची माझी पात्रता नाही. पण गेल्या इतक्या वर्षांत महाराष्ट्रानं सीमाभागासाठी केलेल्या गोष्टींपैकी आमच्या घराला खरोखर उपयोगी पडलेली एकच सांगते. आमच्या मामेभावाला अभियांत्रिकीला महाराष्ट्रात प्रवेश मिळाला तो सीमाभागातल्या मुलांसाठी राखलेल्या जागेवर. त्याला मोर्चा लागला नाही, निकाल लागला नाही, कर्नाटकाची परवानगी लागली नाही. निपाणीचा असून तो महाराष्ट्राचा विद्यार्थी झाला. उत्तरेतल्या माणसाच्या खिशातला आयरिश पासपोर्ट यापेक्षा फार निराळा नाही. अशा आणखी किती गोष्टी करता येतील, याची यादी मुंबईत कुणी कधी बसून केली आहे का? नोकरभरती, निवृत्तांची वैद्यकीय सोय, शेतमालाचे पैसे, परीक्षा केंद्रं. 1 नोव्हेंबरला पाठिंब्याचं पत्रक काढणं सोपं असतं.

भाषेचंही तसंच. आपल्याकडच्या भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या तरतुदींत 15 टक्क्यांची मर्यादा आहे: तालुक्यात किंवा जिल्ह्यात तेवढे लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाचे नियम, सूचना त्या भाषेत द्यायच्या. योगायोग असा, की बेलफास्टच्या महापालिकेनंही 2022 मध्ये हाच आकडा धरला. गल्लीतल्या 15 टक्के रहिवाशांनी होकार दिला तरी गल्लीच्या नावाची पाटी आयरिशमध्येही लावायची. त्यावरून तिथं रणकंदन झालं, पाट्या तोडल्या गेल्या, तरी धोरण टिकलं. आमच्याकडं मात्र कर्नाटक पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा कायदा करतं, महाराष्ट्र मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत म्हणतो, आणि दोघेही दुसऱ्याचं बघून दात ओठ खातात. पाट्या हव्यातच. आयर्लंडमध्ये मात्र शंभर वर्षं पाट्याही आहेत आणि शाळेत सक्तीही आहे, तरी 2022 च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे 72 हजारांच्या आत. डोनेगलच्या दुकानांत आईनं कान देऊन ऐकलं. पाटी आयरिश, गिऱ्हाइकाशी बोलणं इंग्रजी. मराठीचं अजून तसं झालेलं नाही. सीमाभागात तर नाहीच, तिथली मराठी पुण्यापेक्षा धट्टीकट्टी आहे. तिला पाटीपेक्षा शेताचा उतारा हवा आहे, जो वाचता येईल असा.

बेळगाव, खानापूर तालुक्यांत मराठी माणूस 15 टक्क्यांच्या कितीतरी वर आहे. त्याला मराठीत कागद मिळालाच पाहिजे, हे म्हणताना बाबांचा आवाज चढतो. मग मी जत आणि अक्कलकोटचं काढलं. जतच्या पूर्व भागात, अक्कलकोटला कन्नड घरं किती! 2022 मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा आपण चवताळलो. पण ती गावं पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा का करत होती, यावर आपल्याकडं दोन दिवस चर्चा झाली आणि विरली. तिथल्या कन्नड शेतकऱ्याला आपण सातबारा कन्नडमध्ये देतो का? तहसीलदाराची नोटीस?

बाबा म्हणाले, "द्यावा की. माझी काय हरकत? पण आधी त्यांनी द्यावा."

हा 'आधी' इथंही होता. आधी शस्त्रं टाका, आधी कैदी सोडा, आधी पोलीस बदला. त्यावर वर्षं गेली. शेवटी कराराला संमती मागितली ती दोन्हीकडे एकाच दिवशी, कुणीच आधी नाही आणि कुणीच नंतर नाही. सर्वोच्च न्यायालयातला दावा चालू द्या, मी तो मागं घ्या म्हणत नाही. निकालानं बेळगाव मिळेल तेव्हा मिळेल. पण जत आणि खानापूरच्या तहसील कचेऱ्यांत एकाच सोमवारी, एकाच वेळी दुसऱ्या भाषेतला उतारा मिळायला लागला, तर त्यानं कुठल्याच बाजूचा दावा बुडत नाही. दोन मुख्य सचिवांची एक बैठक आणि भाषांतर येणारे काही कारकून एवढंच लागेल. तारीख म्हणाल तर 1 नोव्हेंबर सोडून कुठलीही.